पहिल्या बक्षिसाची माटोळी

अन्याय झाला तो शेवंती गावस हिच्यावर. गेल्या आषाढातल्या अमावास्येला, सकाळी, पोदेर, म्हणजे पाववाला, तिच्या वाड्यावरच्या वस्तीत पाव देऊन सायकल वळवत होता तेव्हा. डोंगरावर खाणीने रचून ठेवलेला मातीचा ढीग, ज्याला आमच्याकडे शेंबडी पोरंही डंप म्हणतात, त्याची एक कड पावसाने सुटली आणि लाल गाळ ओहोळातून थेट तिच्या शेतात उतरला. लावणी होऊन रोपांनी नुकताच जीव धरला होता. पोदेर पावाची टोपली टाकून ओरडत धावला म्हणून तिची गाय तरी वाचली. शेत वाचलं नाही.

नावं पूर्ण लिहायची माझी सवय आहे, पत्रकं काढून काढून लागलेली. पण आमचे वकील म्हणाले, खाणवाल्यांचं नाव घालू नकोस, गावाचं घालू नकोस, साहेबाचं तर अजिबात नको. ठीक आहे. साखळीहून वरच्या अंगाला जा आणि जिथे रस्त्याकडेची झाडं शेंड्यापर्यंत तांबडी दिसतील तिथे उतरा. ते गाव. शेवंतीकाकीला विचारलं, तुझं नाव घालू का, तर ती म्हणाली, "घाल. मोठ्या अक्षरांनी घाल. आडनाव बरोबर घाल."

आणि जिच्याबद्दल मी लिहायला बसले आहे तिचं नाव मात्र मी वकिलांना न विचारताच गाळते, कारण त्या बाईंना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. सगळ्या तालुक्याला त्या 'टीचर'. साखळीच्या एका हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्या याच गावातल्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, जात विचारली नाही, रात्री उशिरा येतेस का विचारलं नाही. एवढ्यावरच मी खूश होते. त्यांनी विचारलं, घर खंय? हळर्णला, किल्ल्याच्या खालच्या बाजूला, मी सांगितलं. तर म्हणाल्या, मग घराकडचं एक रोप घेऊन ये, मुळांसकट, माती न झाडता. मी अबोलीचं रोप पिशवीत घालून, बसगाड्या बदलत, मांडीवर धरून आणलं. कंडक्टरने विचारलं, पेशंट आसा काय? टीचरनी दारापुढच्या बाल्कांवावर, म्हणजे बसायच्या ओट्यावर, ते उलटं धरलं, माती झाडली, मुळं नाकाजवळ नेली, बोटाने एकेक तंतू सोडवला आणि म्हणाल्या, "घर बरं आसा तुझं. रव."

टीचरना मुळांचं वेड होतं असं लिहिलं तर ते फारच सौम्य होईल. कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी त्या कुंडीतलं रोप उपटायच्या. बघायच्या, परत लावायच्या, माती दाबायच्या आणि 'सॉरी' म्हणायच्या. घरच्यांना नाही, रोपाला. मग चहा घ्यायच्या. बाजारात त्या दिसल्या की रोपं विकणारी बाई टोपलीवर पदर टाकायची. एका बारशाला यजमानांनी सावधगिरी म्हणून तुळस आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. टीचर निमूटपणे जेवल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, तिला तिथे उजेड मिळायचा नाही, बाहेर काढा, मी हात पाठीमागे धरून उभी राहते. आणि खरंच उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारख्या.

"तोंड काय, सगळ्यांचंच हिरवं. मुळां दाखव." हे त्यांचं वाक्य. रोपाला लावायच्या, स्थळाला लावायच्या, निवडणुकीतल्या उमेदवाराला लावायच्या. एक उमेदवार मतं मागायला बाल्कांवावर आला. टीचरनी त्याला चपला काढायला लावल्या आणि त्याच्या तळपायांकडे बराच वेळ बघितलं. तो कुठल्या शेतात कधी उतरलाच नव्हता, हे त्यांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, टीचर, मी तुमचाच विद्यार्थी. त्या म्हणाल्या, म्हणूनच वाईट वाटतं.

खाणवाल्यांनी एकदा डंपावर झाडं लावायचा कार्यक्रम ठेवला. मांडव, खुर्च्या, गोड पाण्याच्या बाटल्या, सगळं. गावातल्या जुन्या शिक्षिका म्हणून टीचरना पहिल्या रांगेत बसवलं. बसवणाऱ्याची नोकरी पुढे राहिली की नाही मला माहीत नाही. प्रमुख पाहुण्यांनी रोप लावलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले, पाहुणे माइकपाशी येऊन हिरवळीवर बोलू लागले. टीचर उठल्या. सगळ्यांना वाटलं हार घालायला चालल्या. त्यांनी जाऊन ते रोप उपटलं. त्याच्या मुळांना नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी होती. पाहुण्यांचं भाषण चालूच. टीचर तिथेच फतकल मारून बसल्या, दातांनी पिशवी फाडली, मुळं मोकळी केली, रोप परत लावलं, बाटलीतलं गोड पाणी नको म्हणून साध्या पाण्याची बाटली मागून घेतली. मग माइकपाशी येऊन पाहुण्यांना म्हणाल्या, आता बोला, आता वाढेल. पिशवी त्यांनी व्यवस्थित घडी घालून पाहुण्यांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून त्यांना कुठलंही आमंत्रण आलं नाही. आमंत्रणाशिवाय जायला त्यांची हरकत नव्हती.

बाल्कांवावर त्यांचे डबे असायचे. तेलाचे, पत्र्याचे, रंग उडालेले. काहींत घरामागची काळी माती, काहींत शेवंतीकाकीच्या शेतातला लाल गाळ, काहींत दोन्हीची मिसळ. सगळ्यांत भात पेरलेलं. पाणी सारखं, ऊन सारखं, फक्त माती वेगळी. प्रत्येक डब्याला त्यांनी आपल्या एकेका मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याचं नाव दिलं होतं आणि रोज सकाळी हजेरी घ्यायच्या. "आमदार पिवळो पडलो." "बँक मॅनेजर बरो आसा, फुटवे आले." "कंत्राटदाराची मुळां कुजली गो, आठवडोभर काढचो ना." रस्त्याने जाणाऱ्यांना हे ऐकू जायचं. कंत्राटदाराची बायको एके दिवशी रडत आली, डॉक्टर आम्हांला काही सांगत नाहीत, तुम्हांला कसं कळलं म्हणून. टीचरनी तिला डबा दाखवला. ती आणखीनच रडली, आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या डब्याला गुपचूप खत घालायला येऊ लागली. सगळा प्रयोग बिघडला. टीचरनी तो डबा बाद करून त्याचं नाव बदललं.

मी तेव्हा ज्या गटाबरोबर काम करायचे तिथे सगळे माझ्यासारखेच: तरुण, चिडलेले आणि मथळ्यांत बोलणारे. आम्ही शेतात जाऊन दोरीला बांधलेलं चुंबक चिखलातून ओढलं, त्याला काळे कण चिकटले, त्याचा व्हिडिओ केला आणि तो भराभर पसरला. मी मोठ्या ऐटीत टीचरना दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाल्या, "चुंबकाला चिकटता तें बिचारें चिकटून तरी बसता. पाण्यात विरघळता तें दिसना, आनी तेंच मुळांक खाता."

मग मला बाल्कांवावर उभं करून त्यांनी धडा घेतला. गाळात लोखंड आहे आणि त्याचा धाकटा भाऊ मँगनीज. शेतात पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते आणि लोखंड पाण्यात विरघळायला लागतं. भाताचं मूळ शहाणं. ते पानांकडून हवा घेऊन आपल्याभोवती सोडतं आणि ते लोखंड बाहेरच्या बाहेर गंजवून टाकतं. थोडं असेल तर निभावतं. पण फार झालं की गंजाचा कोट मुळावरच चढतो, जाड होतो, आणि मग मूळ जेवायच्या पंगतीत बसूनही उपाशी. पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात, फुटवे थांबतात, कणीस आलंच तर पोचं. हे सगळं सांगून त्यांनी माझ्या पत्रकाचा मसुदा हातात घेतला. त्यावर मी लिहिलं होतं: खाणीचं विष तुमच्या ताटात. त्यांनी विचारलं, कुठलं विष? किती? कुणाच्या ताटात? शेवंतीच्या शेतात काही पिकलंच नाही तर ताटात येईल कुठून? मी म्हटलं, टीचर, लोक मथळा वाचतात. त्या म्हणाल्या, मग लोकांना प्रश्न विचार, उत्तर वाचायला कुणाला आवडतं?

आणि पत्रक त्यांनीच लिहिलं. जगातलं पहिलं पत्रक असेल ज्यात रिकाम्या जागा भरा होतं, योग्य पर्याय निवडा होतं, आणि शेवटी 'भाताच्या निरोगी व रोगी मुळाची आकृती काढून भागांस नावे द्या' होतं. मी लाजेने मेले. पण लोकांनी ती भरली. खरंच भरली. आकृत्या काढल्या. दुकानदारांनी, बसचालकांनी, माडावर चढणाऱ्यांनी पत्रकं परत आणून दिली आणि टीचरनी लाल पेनाने तपासून गुण दिले. सरपंचाला दहापैकी चार. तो फेरतपासणी मागायला आला.

आता हसू बाजूला ठेवा जरा, कारण शेतावर यायचं आहे.

गाळ आल्यावर सरकारी पाहणी झाली. पाहणीचा साहेब आला तेव्हा पाऊस होता, म्हणून तो गाडीतून उतरला नाही. काच खाली केली, शेवंतीकाकीच्या शेताकडे बघितलं आणि म्हणाला, पिवळं दिसतंय, युरिया कमी पडला असेल. काच वर. शेवंतीकाकी गुडघाभर चिखलात उभी होती. तिचं ते एकच शेत. 'बाधित' असा शब्द साहेबाने लिहिला असता तर डंपवाल्यांना तिच्या शेतातला गाळ उपसावा लागला असता आणि डंपाच्या पायथ्याशी भिंत घालावी लागली असती. नाही लिहिला, म्हणजे पुढच्या पावसात उरलेली कडही खाली येणार आणि मग शेत कुठे होतं हे दाखवायला मेर, म्हणजे बांधसुद्धा उरणार नाही. सगळं त्या एका शब्दावर. काच खाली आणि काच वर, यांच्यामध्ये तो शब्द बसला नाही.

टीचरनी यावर काय केलं? मोर्चा नाही, उपोषण नाही. त्या म्हणाल्या, शेत बघायला कुणी गाडीतून उतरत नाही, पण माटोळी बघायला सगळे उतरतात.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमात जे जे पिकतं ते सगळं बांधतात: नारळांचा घोस, ज्याला आम्ही पेंड म्हणतो, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, दोडकी, काकडी, भोपळे, रानातली फळं. ती माटोळी. गणपतीपेक्षा तिच्याकडेच मान वर करून बघणारे जास्त. तिच्या स्पर्धा होतात, परीक्षक घरोघरी आणि मंडळांत फिरतात, वर्तमानपत्रात फोटो येतात.

टीचरनी वाड्यावरच्या देवळात सगळ्यांना गोळा केलं. यंदा वाड्याच्या गणपतीची माटोळी स्पर्धेला, म्हणाल्या. अट एकच. आपल्या गाळाच्या जमिनीत जे उगवलं तेच बांधायचं, आणि उगवलं तसंच. वाकडा दोडका तर वाकडा. बोटाएवढी काकडी तर बोटाएवढी. येऊ देत परीक्षक, येऊ देत फोटोवाले, बघू देत मान वर करून.

 मग शेवंतीकाकी उठली. "टीचर, देवाच्या माथ्यार मरतुकडो दोडको बांधूचो? तुमची जीभ कशी वळली?"

"देवान धाडला तें देवाक दाखवूक लज कसली गो?"

"देवान खंय धाडला? खाणवाल्यांनी धाडला."

देऊळ हसलं. हसता हसता सगळे होय म्हणाले, शेवंतीकाकी पण होय म्हणाली. टीचर एवढ्या खूश झाल्या की घरी जाताना त्यांनी वाटेतलं एकही झाड उपटलं नाही.

चवथीच्या सकाळी आम्ही दोघी वाड्यावर पोचलो. माटोळी आदल्या दिवशीच बांधून झालेली. टीचर मांडवाच्या दारात थबकल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. लाकडी चौकट ओझ्याने वाकली होती. नारळांच्या पेंडी, हातभर लांब दोडकी, तकतकीत काकड्या, माणसाच्या डोक्याएवढे भोपळे, महाळुंगं पिवळीधमक. एका कोपऱ्यात तर निरफणस, जो त्या वाड्यावर कुणाच्या परसात मी कधी बघितला नाही. वाड्यावरच्या बायका नव्या लुगड्यांत एका रांगेत उभ्या, आणि जी ती कुठेतरी वर, पण टीचरकडे नाही, अशी बघत होती.

टीचर तोंड उघडणार तेवढ्यात परीक्षक आले. टीचर पुढे झाल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हे आमच्या शेतातलं नव्हे."

मुख्य परीक्षकांनी हात जोडले. "खरं आहे, टीचर. आपलं काय असतं? सगळं त्याचंच."

नम्रतेचे वेगळे गुण असतात हे मला तेव्हा कळलं. वाड्याला तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं. पितळेची समई, एवढी उंच की ती ठेवायला देवळात जागा करावी लागली.

टीचर त्या दिवशी घरी येऊन बाल्कांवावर बसल्या आणि हसायला लागल्या. बराच वेळ. मला राग आला होता, सगळ्या बायकांचा, परीक्षकांचा, भोपळ्यांचा. त्या म्हणाल्या, "माझीच चूक गो. मी जन्मभर मुळां बघली, आनी फळांची स्पर्धा लावली. फळाक मूळ खंय आसता?"

पण हसून भागणार नव्हतं. चवथ सरली आणि पंचायतीत सुनावणी लागली. तक्रार शेवंतीकाकीची. साहेब आला, टेबलापाशी बसला आणि त्याने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. पहिल्या बक्षिसाची माटोळी, रंगीत फोटो. तो हळू आवाजात बोलत होता, दुखावल्यासारखा. ज्या वाड्यावर एवढं पिकतं, तिथली जमीन बिघडली म्हणता? सरकारला फसवता की देवाला?

सगळ्यांनी टीचरकडे बघितलं. मला वाटलं आता त्या लोखंड, मँगनीज, मुळाचा कोट, सगळं सांगणार.  पण त्यांनी मागे वळून बायकांकडे बघितलं आणि त्या वाट बघत राहिल्या, वर्गात प्रश्न विचारून हाताची घडी घालून उभं राहावं तशा. 

बायकांनी माना खाली घातल्या. यात किती अडकलं होतं ते समजून घ्या. बोलायचं तर चार गावच्या पुरुषांसमोर कबूल करायचं की देवाच्या माथ्यावर बाजारातलं बांधलं आणि घरचं म्हणून मिरवलं. समई परत जाणार. सासरी, माहेरी, सगळीकडे वर्षभर बोलणी. न बोलायचं तर साहेबाचं कात्रण खरं ठरणार आणि शेवंतीकाकीचं शेत खोटं.

शेवंतीकाकी उठली. पदर खोचला.

"माझोच भोपळो सगळ्यांत मोठो, म्हणून मीच आधी सांगतंय. तो डिचोलीच्या बाजारातलो. माझ्या शेतात यंदा भोपळीक फूलच धरूक नाय."

साहेबाने चष्मा काढला.

मागून एक बाई उठली, म्हणाली दोडकी बेळगावच्या ट्रकातली. दुसरी म्हणाली नारळाची पेंड माहेरची. तिसरी उठली, निरफणस तिचा, भावाने मुंबईहून आणला, आणि तो निरफणस आहे हे तिलाही परीक्षकांनी सांगितल्यावर कळलं. आता बांध फुटला. बायका एकमेकींच्या आधी उठू लागल्या. "तू बाजारात म्हाका बघलंस, तरी बोलूक नाय," एक म्हणाली. "मी बोलले असते तर माझी पिशवी दिसली नसती?" दुसरी म्हणाली. माटोळीच्या बाजारात त्या सगळ्या एकमेकींना भेटल्या होत्या आणि प्रत्येकीने 'सहज बघायला आलंय' म्हणून सांगितलं होतं, हातात भोपळा धरून. एक म्हातारी म्हणाली, माझ्या सुपाऱ्या मात्र घरच्या. शेजारीण म्हणाली, घरच्या खऱ्या, पण माझ्या घरच्या. पुरुष हसत होते, सरपंच टेबलाला धरून हसत होता. आणि शेवटी एक लाजरी सून उठली आणि म्हणाली की काकड्या हळर्णच्या. माझ्या आईच्या मळ्यातल्या. ती आमची लांबची नातेवाईक, तिने फोन केला होता आणि आईने बसच्या कंडक्टरकडे पिशवी दिली होती. माझी आई. गाळाविरुद्ध पत्रकं वाटणारीची आई. टीचरनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई वर केली. बाकी काही नाही.

साहेबाला हसू आवरत नव्हतं. पण कागदावर उतरवून घेतल्याशिवाय त्याची सुटका नव्हती, आणि एकदा उतरवल्यावर शेतात गेल्याशिवायही नव्हती. सगळी पंचायत त्याच्यामागून मेरेवरून चालत गेली. त्याचे बूट पहिल्याच वाफ्यात रुतले आणि तिथेच राहिले. मोज्यांनिशी तो शेवंतीकाकीच्या शेतात उभा राहिला. टीचरनी एकही रोप उपटलं नाही. त्याला म्हणाल्या, तुम्ही उपटा.

त्याने ओढलं. रोप अर्धंच वर आलं, मुळं चिखलात तुटून राहिली. त्याने हात घालून ती काढली. गंजलेल्या खिळ्यांचा पुंजका हातात आल्यासारखी तांबडी, ताठ, बोटाने दाबली की मोडणारी. पानांवर टोकापासून तपकिरी ठिपके. फुटवा एकही नाही. त्याने ती मुळं तळहातावर उलटीपालटी करून बघितली आणि कुणी हसत नव्हतं. शेवंतीकाकी म्हणाली, "साहेब, हेका किती युरिया घालू?"

त्याने 'बाधित' लिहिलं. मोज्यांवरच, मेरेवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून. समई वाड्याच्या मंडळाने दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. परीक्षकांनी ती दुसऱ्या नंबरच्या वाड्याला दिली. त्या वाड्याने ती मुकाट्याने घेतली, आणि त्यांच्या माटोळीतला चिबूड कुठला होता हे आजपर्यंत कुणी विचारलं नाही.

टीचर आता वास्कोला बहिणीकडे असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली वाकायचं नाही, असं डॉक्टरने सांगितलंय, म्हणून त्या बहिणीच्या नातवाला वाकायला लावतात. बंदराकडच्या कॉलनीतल्या लोकांनी कुंड्या गॅलरीत उंच टांगायला सुरुवात केली आहे. मध्ये फोन केला तर म्हणाल्या, इथल्या मातीत कोळशाची भुकटी आहे, ये एकदा, डबे घेऊन ये.

त्यांना मी फोन केला तो भिंतीसाठी. कारण भिंत सुरू झाली आहे. मी डोळ्यांनी बघून आले. डंपाच्या पायथ्याशी दगड उतरलेत, पाया खणलाय, गवंडी काम करताहेत. आणि ती भिंत शेवंतीकाकीच्या शेताइतकीच लांब आहे. एक हात जास्त नाही. मी ठेकेदाराला विचारलं, दोन्ही बाजूंनी पाणी वळसा घालून येईल ते? तो म्हणाला, बाई, कागदावर बाधित शेत एकच आहे. शेजारच्या वाड्यांकडून, खालच्या गावांकडून तक्रार नाही. त्यांची पिकं उत्तम आहेत. फोटो आहेत.

टीचर ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकाच बाजून झाकलेलें मूळ जगता काय? सांग तांकां."

म्हणून सांगते. हे वाचणाऱ्यांत त्या डोंगराखालच्या गावांतली माणसं आहेत, मला माहीत आहे, कारण हे पत्रक मी त्या गावांतही वाटते आहे. वैशाख चालू आहे. पावसाआधी कागदात तुमचं शेत आलं तर भिंत लांब होईल. नाही आलं तर शेवंती गावसचं शेत समोरून तेवढं कोरडं राहील आणि लाल गाळ दोन्ही बाजूंनी वळून तिच्या मागच्या बांधातून आत शिरेल. तुमच्या शेतातून, तुमच्या घरावरून.

तुमच्या भाताच्या पानांवरही ठिपके होते. तुमच्या भोपळीलाही फूल धरलं नाही. तुम्हीही चवथीला पिशवी घेऊन बाजारात गेला होता आणि सहज बघायला आलोय म्हणून सांगितलं होतं. लाजू नका, आम्ही सगळ्या तिथेच होतो.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. या. उभे राहा. आणि तुमचा भोपळा कुठला होता ते मोठ्याने सांगा.